मोबाईल जप्त करण्याआधी

दहावीतल्या भाच्याचा रात्री उशिरा फोन आला. "मावशी, आईला सांगू नकोस. ती मोबाईल काढून घेईल." इन्स्टाग्रामवर ओळख झालेल्या एका 'मुलीने' व्हिडिओ कॉलवर त्याला कपडे काढायला लावून रेकॉर्डिंग केलं होतं. "पैसे दे, नाहीतर क्लासच्या ग्रुपवर टाकते," अशी धमकी सुरू होती. घाबरून त्याने मित्राच्या यूपीआयवरून पैसे पाठवले, तशी मागणी वाढली.

माझी बहीण प्रेमळ आहे. पण गुण कमी पडोत की तो उलट बोलो, घरात शिक्षा एकच: मोबाईल जप्त. त्यामुळे ब्लॅकमेल करणाऱ्यापेक्षा आईला कळण्याचीच धास्ती त्याला मोठी वाटली. मुलं घरी बोलणार नाहीत, याच खात्रीवर हे लोक धंदा करतात.

त्याची समजूत घालून त्याच रात्री बहिणीला सांगितलं. "बरं झालं, बोललास," एवढंच ती म्हणाली. मग त्याने सगळं सांगितलं आणि आम्ही तक्रार करू शकलो.

असा प्रसंग आला तर पैसे देऊ नका. दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. वेळेत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. चॅट डिलीट करू नका. मेसेजचे स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा, मगच ते खातं ब्लॉक करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही आहे. मुलाचा तो फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून नातेवाइकांना पाठवू नका. तो पसरवणं हाही गुन्हा आहे. असे फोटो इंटरनेटवरून हटवण्यासाठीच्या 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो शोधून काढून टाकतात. २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलग्यांनाही लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देतो, हे मुलांना माहीत हवं.

मोबाईलच्या वेळा ठरवा, रात्री तो झोपायच्या खोलीबाहेर ठेवा, आणि हे नियम स्वतःही पाळा. पण अडचण सांगायला आलेल्या मुलाचा मोबाईल कधीच काढून घेऊ नका. तसा शब्द मुलांना आजच द्या.