संगणकाला सांगायची भाषा : बेसिक

संगणक फार हुशार असतो असे मला वाटायचे. पण तो फक्त सांगितलेले काम करतो. सांगायला मात्र त्याची भाषा यावी लागते. अशाच एका सोप्या भाषेची ही माहिती. तिचे नाव बेसिक.

अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी व थॉमस कर्ट्झ हे गणिताचे प्राध्यापक होते. त्या काळी संगणक म्हणजे शास्त्रज्ञांचे काम. पण इतर विषय शिकणाऱ्या मुलांनाही तो चालवता यावा, असे या दोघांना वाटे. म्हणून त्यांनी सोप्या इंग्रजी शब्दांची ही भाषा तयार केली. १ मे १९६४ रोजी पहाटे ४ वाजता ती प्रथम चालली.

पुढे घरगुती संगणक निघाले. इंग्लंडात १९८१ साली बीबीसी मायक्रो आला, अमेरिकेत १९८२ साली कमोडोर ६४ आला. त्यांत बेसिक आधीच भरलेली असे. बटण दाबले की लगेच हुकूम लिहायचा! १९८४ पासून आपल्या देशातील काही माध्यमिक शाळांतही बीबीसी मायक्रो आले होते.

आता सातचा पाढा पाहू. * ही गुणाकाराची खूण आहे.

१० फॉर एन = १ टू १०
२० प्रिंट ७ * एन
३० नेक्स्ट एन

पहिली ओळ सांगते, एन म्हणजे १ पासून १० पर्यंतचे आकडे. दुसरी सांगते, ७ ला एन ने गुणून उत्तर दाखव. तिसरी सांगते, पुढचा आकडा घे आणि पुन्हा तेच कर. मग 'रन' लिहिले की पाढा पडद्यावर! ओळींना दहादहाने नंबर का? एखादी ओळ राहिली तर १५ किंवा २५ नंबर देऊन मध्ये घालता येते.

घरी मी याचा खेळ केला. तीन ओळी तीन कागदांवर मराठीत लिहिल्या. धाकटा भाऊ झाला संगणक. पण तिसरा कागद द्यायला मीच विसरलो. त्याने सात चिंचोके मांडले आणि गप्प बसला! मी ओरडलो, "अरे, पुढं मांड की!" तो म्हणाला, "कागदावर कुठं लिहिलंय?"

खरेच की! बीबीसी मायक्रोनेही एकदा ७ दाखवून काम थांबवले असते. आई हसून म्हणाली, "सांगणाऱ्यानं आधी नीट सांगावं, मग रागवावं."

तुम्हीही हा खेळ खेळून बघा. मात्र तिसरा कागद विसरू नका!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी