बकऱ्या बघून रेकॉर्ड परत ठेवू नका

जुन्या एलपी जमवण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांचा. मुंबईत चोर बाजार, पुण्यात जुना बाजार, आणि २०१६ साली बंद पडेपर्यंत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस, ही आमची तीर्थक्षेत्रं. या भटकंतीत कानाला अमृत आणि डोळ्याला शिक्षा अशा रेकॉर्डी इतक्या हाती लागल्या, की 'एवढ्या थोर संगीताला हे असलं कव्हर कुणी दिलं?' हा प्रश्न छंदाचाच भाग होऊन बसला. उत्तर बहुतेक वेळा एकाच दिशेने जातं. गाणारे-वाजवणारे एकीकडे असतात, कव्हर ठरवणारे दुसरीकडे, आणि ते फसतं घाईमुळे, भीतीमुळे किंवा बेफिकिरीमुळे. यातलं नेमकं कुठलं कारण, हे ओळखायला शिकलो त्याचे हे धडे.

१. आधी ऐका, मग नाकं मुरडा.

बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' मे १९६६मध्ये आला. कव्हरवर काय आहे? सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात बँडची मंडळी बकऱ्यांना खाऊ घालताहेत. वर हिरवी पट्टी, तिच्यावर गुबगुबीत अक्षरं. शाळेच्या सहलीचा फोटो वाटावा. आत मात्र तेविशीतल्या ब्रायन विल्सनने लॉस एंजेलिसच्या कसलेल्या स्टुडिओ-वादकांना घेऊन रचलेलं, एकटेपणाने काठोकाठ भरलेलं संगीत. नावातल्या 'पेट'वरून कुणाला तरी पाळीव प्राणी सुचले आणि सगळे बकऱ्यांकडे निघाले, एवढंच या कव्हरमागचं चिंतन दिसतं. गंमत म्हणजे रेकॉर्डमध्ये प्राणी खरोखर आहेत, पण ते अगदी शेवटी: आगगाडी धडधडत जाते आणि ब्रायनची कुत्री भुंकतात. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी या अल्बमवर फिदा होता आणि 'सार्जंट पेपर'मागे त्याचीच प्रेरणा होती. १९६७च्या त्या 'पेपर'चं कव्हर जगातल्या सर्वांत गाजलेल्या कव्हरांपैकी एक ठरलं. ज्याच्यापासून स्फूर्ती घेतली, त्याच्या नशिबी बकऱ्याच राहिल्या.

२. कव्हर कळत नसेल तर आधी घड्याळाकडे बघा.

ब्लॅक सॅबथचा 'पॅरानॉइड' सप्टेंबर १९७०चा. कव्हरवर रात्रीच्या अंधारात, झाडाआडून तलवार आणि ढाल घेऊन धावून येणारा एक इसम, तोही अनेक प्रतिमा एकमेकींवर चढल्यामुळे धूसर आणि गुलाबीसर. हे पात्र मनोविकाराचं प्रतीक कसं, यावर मी मित्रांना तावातावाने वाद घालताना ऐकलं आहे. ते प्रतीक-बितीक काही नाही. अल्बमचं नाव आधी 'वॉर पिग्ज' ठरलं होतं आणि फोटोतला माणूस म्हणजे त्या नावातला योद्धा. पुढे रेकॉर्डची लांबी कमी पडते म्हणून घाईघाईत रचलेलं 'पॅरानॉइड' हे गाणं सिंगल म्हणून तुफान चाललं, कंपनीने तेच नाव अल्बमला दिलं, आणि फोटो बदलायचा राहिला. न जुळणारं कव्हर दिसलं की गूढार्थ शोधण्याआधी शेवटच्या क्षणी नाव, क्रम किंवा तारीख बदलली होती का, एवढं तपासावं. निम्मी गूढं तिथेच सुटतात.

३. कव्हरवर कोण नाही, हे बघायला शिका.

हा धडा सगळ्यांत उशिरा उमगला आणि सगळ्यांत खोल रुतला.

ओटिस रेडिंगचा 'ओटिस ब्लू' १९६५चा. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत जुलै महिन्यात जवळजवळ एका दिवसरात्रीत तो ध्वनिमुद्रित झाला. मधली सुट्टीही वादकांना क्लबमधल्या आपापल्या कार्यक्रमांना जायचं होतं म्हणून. गायक सॅम कुकचा मृत्यू होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याची तीन गाणी ओटिस इथे गातो आणि प्रत्येकात शोक वेगळ्या वाटेने येतो. सोल संगीतातला हा मानाचा अल्बम. कव्हरवर मात्र एक सोनेरी केसांची गोरी युवती. ओटिस कुठेच नाही.

कंपनीकडे फोटो नव्हता असं थोडंच आहे? आयस्ली ब्रदर्सच्या १९६६च्या 'धिस ओल्ड हार्ट ऑफ माइन'वर समुद्रकिनारी एक गोरं जोडपं आहे. माइल्स डेव्हिसचा 'माइल्स अहेड' १९५७मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या कव्हरवर शिडाच्या होडीत गोरी बाई आणि लहान मूल होतं. गिल एव्हान्सच्या वाद्यवृंद-रचनेत माइल्स फ्लूगलहॉर्न वाजवतो, विसाव्या शतकातल्या उत्तमांत उत्तम संगीतापैकी ते एक, आणि वर कुणाची तरी सुट्टी! काळा चेहरा दिसला तर गोरं गिऱ्हाईक रेकॉर्ड उचलणार नाही, दुकानदार दर्शनी मांडणार नाही, ही त्या काळच्या अमेरिकन धंद्यातली भीती. माइल्स गप्प बसणारा नव्हता. त्याने कोलंबिया कंपनीच्या जॉर्ज अवाकियनकडे तक्रार केली आणि पुढच्या आवृत्त्यांवर त्याचा स्वतःचा फोटो आला.

तेव्हापासून अशा कव्हरांना मी 'कुरूप' म्हणत नाही. चित्रकलेच्या अंगाने त्यांतली काही देखणीच आहेत. ती खोटी आहेत, आणि खोटेपणाचा निकष सौंदर्याच्या निकषाहून वेगळा ठेवावा लागतो. बकऱ्यांना हसता येतं. होडीतल्या बाईकडे बघून हसू येत नाही.

४. साधेपणा आणि फसलेपणा यांत गल्लत करू नका.

बीटल्सचा १९६८चा दुहेरी अल्बम पांढराफेक आहे. नाव उठावात दाबलेलं आणि पहिल्या आवृत्त्यांवर अनुक्रमांक. 'डिझाइनरला पैसे दिले नाहीत वाटतं' हा विनोद प्रत्येक घरात होतो. डिझाइन रिचर्ड हॅमिल्टनसारख्या नामवंत चित्रकाराचं आहे आणि 'सार्जंट पेपर'च्या कव्हरवरच्या गर्दीनंतरची ती मुद्दाम घेतलेली माघार आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७०च्या 'अ‍ॅटम हार्ट मदर'वर नुसती गाय आहे, बँडचं नावसुद्धा नाही. हिप्नॉसिस या संस्थेच्या स्टॉर्म थॉर्गरसनने लंडनबाहेर जाऊन दिसली ती गाय टिपली. बँडला अंतराळछाप प्रतिमेतून सुटका हवी होती, ती गाईने करून दिली. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेला हा त्यांचा पहिला अल्बम. आणि पुढे डेव्हिड गिलमर आणि रॉजर वॉटर्स या दोघांनीही त्यातल्या संगीताला नावं ठेवली. म्हणजे इथे गाय टिकली, संगीतावरच त्यांचा विश्वास उरला नाही. कव्हरावरून आतल्या मालाची खात्री कुठल्याच बाजूने देता येत नाही.

५. कव्हर करणाऱ्याला संगीताचं वेड असलंच पाहिजे, हा हट्ट सोडा.

ब्लू नोट कंपनीची जॅझ कव्हरं आज पोस्टर होऊन कॅफेच्या भिंतींवर लटकतात. ती बहुतांशी रीड माइल्सने केली. या गृहस्थाला जॅझची फारशी आवड नव्हती. कंपनीचा आल्फ्रेड लायन रेकॉर्डचा बाज समजावून सांगे, फ्रान्सिस वुल्फने काढलेले फोटो समोर असत आणि रीड माइल्स अक्षरं नि कातरी चालवी. वाट्याला आलेल्या रेकॉर्डी तो देऊन टाकी किंवा त्यांच्या बदल्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या घेई. कारागिराला सांगणारा माणूस नेमका हवा, एवढंच खरं. वाईट कव्हरांच्या मागे बहुधा हा सांगणारा माणूसच गायब असतो.

६. आपल्याकडच्या रेकॉर्डची मागची बाजू वाचा.

हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताच्या माझ्याकडच्या एलपी एका रांगेत लावल्या तर बरीचशी कव्हरं एकाच साच्यातली निघतात: बुवांचा किंवा बाईंचा अर्धाकृती फोटो, मागे एखादा भडक रंग, इंग्रजीत मोठं नाव. तोडी असो की मारवा, रंग कुठलाही चालतो. चित्रपटसंगीताच्या खपापुढे या रेकॉर्डींचा खप तो काय, तेव्हा डोकं कोण लावणार? ही बेफिकिरी. पण कव्हर उलटलं की राग, ताल, बंदिश, तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे कळतं, आणि कधी कधी एखाद्या जाणकाराचं टिपण सापडतं. माझं रागांचं बरंचसं शिक्षण या मागच्या बाजूंवर झालं.

याच संगीताला लाभलेलं सर्वांत विचारी कव्हर मात्र पृथ्वीवर नाही. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांतून सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. तिच्या कव्हरवर बाईंचा फोटो नाही. सुई कुठे ठेवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, हे आकृत्यांनी कोरलं आहे. ऐकणारा कोण हे ठाऊक नसताना त्याचा इतका विचार केला गेला. ठाऊक असलेल्या ऐकणाऱ्यांचा करायला काय हरकत होती?

७. पैसे देण्याआधी तबकडी बाहेर काढा.

जुन्या बाजारात एकाच्या कव्हरात दुसऱ्याची तबकडी हा नित्याचा प्रकार. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने मला कव्हर न्याहाळताना बघून विचारलं होतं, "काका, भिंतीला लावायचंय की वाजवायचंय?" वाजवायचं असेल तर लेबल वाचा, तबकडी उजेडात तिरकी धरा, ओरखडे बघा. सौंदर्यशास्त्र नंतर.

८. कव्हर कुठल्या मापात बघताय, ते विसरू नका.

एलपी बारा इंचांची आणि सीडी बारा सेंटिमीटरची. कव्हराचं क्षेत्रफळ तिथेच साधारण सहाव्या हिश्श्यावर आलं. फोनवर ते नखाएवढं झालं. 'पॅरानॉइड'चा धूसर योद्धा नखाएवढ्या चौकोनात नुसता रंगीत डाग दिसतो. 'पेट साउंड्स'ची गुबगुबीत अक्षरं तिथेही लख्ख वाचता येतात! कव्हराला नावं ठेवायचीच असतील तर एकदा मूळ मापात बघून ठेवावीत.

९. कव्हर बदलण्याचा हक्क कुणाचा, हे ठरवा.

नव्या आवृत्तीला नवं, सुबक कव्हर चढवायची कंपन्यांना हौस असते. माझा नियम सोपा आहे: तक्रार संगीत करणाऱ्याची असेल तर बदला. 'माइल्स अहेड'ची होडी गेली ते योग्यच झालं. रोलिंग स्टोन्सना १९६८मध्ये 'बेगर्स बँक्वेट'साठी स्वच्छतागृहाच्या खरडलेल्या भिंतीचा फोटो हवा होता. कंपनी अडून बसली, रेकॉर्ड काही महिने रखडली आणि शेवटी साध्या निमंत्रणपत्रिकेसारखं कव्हर आलं. पुढे ती भिंत परत आली, तेही योग्य झालं. पण तक्रार केवळ आपल्या रुचीची असेल तर हात लावू नये. बकऱ्या पुसून तिथे धुक्यातला समुद्र लावला, तर संगीत आहे तेवढंच चांगलं राहील, आणि १९६६मध्ये ते विकणाऱ्यांना ते किती कमी कळलं होतं याचा पुरावा मात्र जाईल. मला रेकॉर्डबरोबर तो पुरावाही हवा असतो; दोन्हींचे पैसे एकदमच दिलेले असतात.