सातबारावर नाव लागले, तरी सल्ला हवाच

प्रश्न : वडील वारले. पेणला घर, रोह्याजवळ शेती आहे. भाऊ म्हणतो, तलाठ्याकडे वारस नोंद केली की झाले; मी हक्कसोडपत्र द्यावे. वकील कशाला?

उत्तर : वारस नोंद कराच, पण फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनीही रक्कम फक्त स्वीकारतो; ती वारसांचीच राहते. आणि हिंदू कुटुंबातल्या मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. वडिलोपार्जित जमिनीतही, वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीमुळे. म्हणूनच सहीआधी सल्ला घ्या. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नंतर रद्द करून घेणे फार अवघड जाते, आणि मृत्युपत्र असेल तर सगळा हिशेबच बदलतो. वकील गाठला की भावाशी वैर, ही भीती मला पटत नाही. सल्ला म्हणजे दावा नव्हे, उलट वाटे स्पष्ट झाले की आपसांत वाटप सोपे होते. खर्चाची अडचणही खरी, पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा अलिबागच्या जिल्हा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करा. मृत्यूचा दाखला, सातबारा, घराचा उतारा आणि पासबुके सोबत न्या. तोवर कशावरही सही करू नका.