जुन्या संगणकाला किती वॅटचा पॉवर सप्लाय?

आपल्या अनेक दुकानांत व कारखान्यांत उधारी-वसुलीचा हिशेब जुन्या संगणकावरच चालतो. त्याचा पॉवर सप्लाय जळाला की विक्रेता विचारतो, "किती वॅटचा देऊ?" उत्तर आपल्याकडे तयार हवे.

आधी गरजेची बेरीज करावी. कोअर टू ड्युओच्या साध्या संगणकात प्रोसेसरला ६५ वॅट, मदरबोर्ड व रॅमला सुमारे ४०, हार्ड डिस्कला सुरू होताना २५, डीव्हीडी ड्राइव्ह व पंख्यांना २५. एकूण १५५ वॅट. दीडपट गुंजाइश धरली तरी ३०० वॅटचा चांगला सप्लाय पुरतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास त्याचे वॅट मिळवावेत. मोठ्या सप्लायने संगणक जास्त वीज ओढत नाही, पण पैसे विनाकारण जातात.

मात्र ठळक छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. थानावर लिहिलेले मीटर आपण मोजूनच घेतो, तसेच येथेही करावे. लेबलवर १२ व्होल्टसमोरचे अँपिअर पाहून १२ ने गुणावे. १४ अँपिअर म्हणजे १६८ वॅट. या संगणकांचा मुख्य भार १२ व्होल्टवरच असतो. वर ४५० छापलेले आणि येथे फक्त १० अँपिअर, म्हणजे १२० वॅट, असा माल घेऊ नये. मदरबोर्डचा प्लग २० पिनी की २४ पिनी, हेही पाहावे.

हलका सप्लाय जळताना हार्ड डिस्कही घेऊन जाऊ शकतो. तिच्यात लोकांच्या देण्या-घेण्याची नोंद आहे. ती अमानत आहे. हिशेबाची एक प्रत नेहमी वेगळी ठेवावी.