जुना चेनसॉ घेताना : आधी काम सांगा, मग दाम विचारा

पनवेल, तळोजा, उरण, तुर्भे या पट्ट्यात लाकडावर पोट असलेले आपले बांधव पुष्कळ आहेत. कुणी खाटीक बांधवांना चिंचेचे ओंडके करून देतो, कुणी होड्यांच्या दुरुस्तीसाठी साग-ऐन कापतो, तर कुणी पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या झाडांचे तुकडे करून वखारीला घालतो. अशा कामाला लहान यंत्र पुरत नाही. मोठे नवे यंत्र खिशाला झेपत नाही. म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो आणि फसगतही तिथेच होते. आम्हीही एकदा रंगरंगोटी केलेले यंत्र वरवर पाहून घेतले आणि पंधरा दिवसांत त्याचा पिस्टन जाम झाला. तो धडा वाचकांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा पाठ.

पहिला प्रश्न : काम कोणते?

इमाम गझाली (रह.) यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात हजरत वासिला बिन अस्का (रजि.) यांची हकीकत आहे. त्यांच्यासमोर एक उंटीण तीनशे दिरहमला विकली गेली. गिऱ्हाईक निघाल्यावर ते त्याच्यामागे धावले आणि विचारले की ही मांसासाठी घेतली की सवारीसाठी? तो म्हणाला, सवारीसाठी. तेव्हा त्यांनी सांगितले की तिच्या खुराला भोक आहे, ती लांबचा प्रवास करू शकणार नाही. गिऱ्हाईक परत फिरला आणि विकणाऱ्याला शंभर दिरहम कमी करावे लागले.

यात दोन धडे आहेत. ऐब सांगणे हा एक. दुसरा असा की, ऐब मोठा की छोटा हे कामावर ठरते. मांसासाठी घेतलेल्या उंटिणीच्या खुराचे भोक कोण पाहतो?

चेनसॉचेही तसेच आहे. ओंडका आडवा कापणे वेगळे आणि उभा चिरून फळ्या काढणे वेगळे. उभ्या चिराईत यंत्र बराच वेळ पूर्ण जोरात चालते आणि फार तापते. आडव्या कामात वर्षभर टिकेल असे थकलेले इंजिन चिराईत आठवड्यात बसते. म्हणून दुकानात शिरण्यापूर्वी लाकूड कोणते, जाडी किती आणि कापणी कशी, हे ठरवा.

ताकद किती हवी?

फांद्या छाटायला ४० सीसीपर्यंतचे यंत्र पुरे. फूट-सव्वा फूट जाडीला ५० ते ६० सीसी लागते. चिंच, बाभूळ, ऐन यांच्या दीड-दोन फुटी बुंध्याला ७० सीसीच्या आसपास हवे. त्याहून जाड ओंडक्याला किंवा उभ्या चिराईला ९० सीसी व पुढे. उदाहरणार्थ, स्टिल कंपनीचे एमएस ३८१ हे ७२.२ सीसीचे, एमएस ६६१ हे ९१.१ सीसीचे, तर हस्कवर्ना ३९५ एक्सपी हे सुमारे ९४ सीसीचे आहे.

अंगावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. सिलिंडरचा व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग ०.७८५ ने आणि शेवटी पिस्टनच्या फेरीच्या लांबीने गुणा. ४.५२ सेंमी व्यास आणि ३.४ सेंमी फेरी असेल तर उत्तर ५४.५ सीसी येते, मग बाहेर ५८ लिहिलेले असो. नामांकित मॉडेलच्या हुबेहूब नकलाही बाजारात आहेत. नक्कल स्वस्तात नक्कल म्हणून घेणे वेगळे, अस्सलच्या दामात घेणे वेगळे.

तपासणी : थंड यंत्रापासून सुरुवात

विकणाऱ्याने यंत्र आधीच गरम करून ठेवले असेल तर थांबा, ते थंड होऊ द्या. थंड यंत्र किती झटक्यांत सुरू होते ते पाहायचे आहे.

१) सायलेन्सरचे स्क्रू काढून आतल्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहा. अंग गुळगुळीत आणि बारीक आडव्या रेघांचे असेल तर ठीक. उभे ओरखडे असतील तर पेट्रोलमध्ये ऑईल कमी पडले आहे किंवा इंजिन कुठून तरी हवा ओढते आहे. असे यंत्र फक्त सुट्या भागांच्या भावात घ्यावे.

२) प्लग काढून कॉम्प्रेशन गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा वेळा दोरी ओढा. मोठ्या यंत्राचा काटा १५० पौंडांच्या आसपास गेला तर उत्तम, १२० च्या खाली राहिला तर इंजिन थकलेले समजा.

३) क्लच धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग गेले.

४) यंत्र सुरू करून मंद गतीवर ठेवा आणि सावकाश चारी बाजूंना कलवा. आवाज आपोआप चढू लागला तर सील गळते आहे. मंद गतीत साखळी फिरता कामा नये.

५) पट्टीचे टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून गती वाढवा. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर ऑईल पंप बंद आहे, पट्टी आणि साखळी जळून जाईल.

६) दहा मिनिटे खरा ओंडका कापून पाहा. बंद करा, पाच मिनिटे थांबा, पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू न होणारे यंत्र कामाच्या जागी रोज रडवते.

साखळी व पट्टी झिजणारच, त्यावरून यंत्र नाकारू नका. त्यांची किंमत वजा करून सौदा करा. सुटे भाग मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे.

जिथे तडजोड नाही

साखळीचा ब्रेक चालत नसेल तर यंत्र फुकट मिळाले तरी वापरू नका. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र क्षणात उसळून मानेकडे येते. त्या क्षणी मध्ये असतो तो ब्रेकच. पूर्ण गतीवर ब्रेक पुढे ढकलला की साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. शहरातल्या झाडांत फलकांचे खिळे फार असतात. खिळ्याला लागून साखळी तुटली तर तिला अडवणारा खिळगाही खाली शाबूत आहे का, ते पाहा. हेल्मेट, चष्मा, कानांचे संरक्षण आणि पायांचे जाड संरक्षक कापड यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा. घरातल्या कमावत्या माणसाचा पाय चारशे-पाचशे रुपयांच्या बचतीसाठी पणाला लावू नये.

सौदा आणि कागद

मूळ बिल मागा, नंबर जुळवून पाहा. नंबर खरवडलेला असेल तर हात लावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे गुन्हा आहे आणि शरीयतमध्ये ती कमाई हलाल नाही.

व्यवहारात वारंवार फसणाऱ्या एका सहाबींना प्रेषित (सल्ल.) यांनी सौद्याच्या वेळीच फसवणूक नसल्याची अट घालायला शिकवले आणि तीन दिवसांची मुभा दिली. फिकहमध्ये याला खियार-ए-शर्त म्हणतात. कोकणातले आपले शाफई बांधव असोत वा हनफी, तीन दिवसांची मुदत दोघांकडेही मान्य आहे. म्हणून साध्या कागदावर लिहून घ्या की तीन दिवसांत यंत्र न पटल्यास परत. काही रक्कम उधार राहिली तर तीही लिहा, सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत त्याचीच ताकीद आहे. लिहून मागितल्याने मैत्री तुटत नाही, न लिहिल्याने मात्र तुटते.

विकणाऱ्या बांधवांनाही सांगणे आहे. ‘जसे आहे तसे’ म्हणून ठाऊक असलेला ऐब लपवता येत नाही. पिस्टनला ओरखडे आहेत हे सांगा आणि शंभर दिरहम कमी घ्या.

घेतल्यावर

कंपनीच्या टू-स्ट्रोक ऑईलचे प्रमाण साधारणपणे एक लिटर पेट्रोलला २० मिली असते. मॉडेलचे पुस्तक पाहून खात्री करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते ओलावा ओढते आणि जुन्या यंत्राच्या रबरी नळ्या, पडदे खराब करते. काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवा.

शेवटी एक गोष्ट. यंत्र हाती आले म्हणून झाड तोडायची मोकळीक मिळत नाही. शहरात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आणि इतरत्र १९६४ चा झाडतोड नियमन कायदा लागू आहे. आधी लेखी परवानगी घ्या आणि लाकूड हलवताना वाहतूक परवाना लागतो का, हे वन खात्यात विचारा. ‘मालकाने सांगितले म्हणून तोडले’ हे उत्तर चालत नाही, कारण पकडले जाते ते यंत्र आपले असते.

काम ओळखून, यंत्र तपासून आणि कागद करून घेतलेले जुने यंत्रही वर्षानुवर्षे रोजी देते. अल्लाह आपल्या मेहनतीत बरकत देवो.