चेहऱ्यांची बाराखडी

चेहरा हा मनाचा आरसा आहे, असे म्हणतात. आईच्या कपाळावर आठी दिसताच खोडकर मूल हातातील वस्तू मुकाट्याने खाली ठेवते. गुरुजींच्या ओठांवर स्मित उमटताच साऱ्या वर्गाची धाकधूक नाहीशी होते. चेहऱ्याचे हे वाचन बहुतेकांना कोणी शिकवीत नाही. त्याचे पुस्तक नसते, की परीक्षा नसते. म्हणूनच हीदेखील एक विद्या आहे आणि काहींना ती कष्टाने मिळवावी लागते, याचे भान सहसा कोणास राहत नाही.

समजा, मधल्या सुटीत एका मुलाचा डबा त्याच्या मित्राने लपविला. मित्राचे डोळे मिस्किलपणे हसत आहेत. ही थट्टा आहे, हे सर्वांना उमगले आहे. उमगले नाही ते फक्त डबा हरवलेल्या त्या मुलाला. तो दोन्ही कानांवर हात ठेवतो, मोठ्याने ओरडतो आणि रडू लागतो. मुले म्हणतात, ‘किती चिडका हा!’ वास्तविक तो चिडका नसतो. ज्या लिपीत ती थट्टा लिहिलेली होती, ती लिपीच त्याला वाचता आलेली नसते.

अशा काही मुलांच्या बाबतीत या अडचणीचे मूळ स्वमग्नतेत असते. १९४३ साली अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. स्वमग्नता हा संसर्गाने होणारा रोग नव्हे. मेंदूची वाढच मुळात निराळ्या रीतीने झालेली असते. कोणी स्वमग्न मूल अस्खलित बोलते, तर कोणी मुळीच बोलत नाही. परंतु डोळे, ओठ आणि आवाजातील चढउतार यांवरून दुसऱ्याच्या मनातील भाव ओळखणे त्यांतील अनेकांना कठीण जाते. याचा अर्थ त्यांना भावना नसतात, असा मात्र मुळीच नव्हे. आनंद, भीती, दुःख त्यांनाही होते. कित्येकदा फार उत्कटतेने होते.

चेहरा वाचणे इतके कठीण का व्हावे? चेहरा क्षणोक्षणी बदलतो आणि त्या बदलाला ठरावीक नियम नसतो. याउलट आगगाडी पाहा. ती रुळांवरूनच धावते. पुढे जाते किंवा मागे येते. तिच्या वागण्यात अनपेक्षित असे काही नसते. म्हणूनच की काय, अनेक स्वमग्न मुलांना चाके, गाड्या आणि वेळापत्रके यांची विलक्षण गोडी असते.

या गोडीचाच शिक्षणासाठी उपयोग करून घ्यावा, असे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन व त्यांचे सहकारी यांना वाटले. २००४ साली त्यांनी ‘माइंड रीडिंग’ नावाचा भावनांचा एक संगणकीय कोशच सिद्ध केला होता. त्यात ४१२ भावना २४ गटांत मांडल्या होत्या. पुढे लहान मुलांसाठी २००६ साली ‘द ट्रान्सपोर्टर्स’ ही चित्रमालिका तयार झाली. तिच्यातील आठही पात्रे म्हणजे रूळ किंवा तारा यांच्या ठरलेल्या मार्गाने जाणारी वाहने आहेत. परंतु त्या वाहनांना चेहरे आहेत ते खऱ्याखुऱ्या माणसांचे! जे आवडते, त्याच्याच पाठीवर जे अवघड वाटते ते बसवून दिले. गाडी पाहता पाहता मुलाची दृष्टी आपोआप चेहऱ्याकडे वळते.

या मालिकेत पंधरा भाग आणि पंधरा भावना आहेत. आनंद, दुःख, राग, भीती, किळस व आश्चर्य यांपासून आरंभ करून अभिमान, मत्सर, पश्चात्ताप, लाज आणि थट्टा यांपर्यंत ती मुलाला नेते. गोष्टीच्या जोडीला संगणकावरील कोड्यांचे खेळ आहेत. दोन चेहऱ्यांतील समान भाव ओळखावा, चेहरा आणि भावनेचे नाव यांची जोडी लावावी, एखाद्या प्रसंगी पात्राचा चेहरा कसा होईल ते निवडावे, अशी ही कोडी होत. या खेळांचा मोठा गुण असा, की संगणक कंटाळत नाही आणि चुकणाऱ्याला हसत नाही. तेच हसू, तीच आठी तो शंभर वेळा जशीच्या तशी दाखवितो.

चार ते सात वर्षे वयाच्या स्वमग्न मुलांनी चार आठवडे ही मालिका रोज पाहिली. प्रारंभी भावना ओळखण्यात ती इतर समवयस्क मुलांच्या मागे होती. अखेरच्या चाचणीत ती त्यांच्या बरोबरीला आली. मालिकेत नसलेल्या चेहऱ्यांवरील भावही त्यांना ओळखता आले. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. तथापि, २०१२ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात या मालिकेचा लाभ मर्यादितच आढळला. यात नवल नाही. पडद्यावरील चेहरा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतो. खरा चेहरा थांबत नाही. बाराखडी पाटीवर गिरविता येते, पण वाचनाचा सराव माणसांतच करावा लागतो.

आणि हा सराव एकट्या त्या मुलानेच करावयाचा काय? स्वतः स्वमग्न असलेले इंग्लंडमधील अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली एक मार्मिक विचार मांडला. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही, हे जितके खरे, तितकेच इतरांना तिचे मन कळत नाही, हेही खरे. तेव्हा उणीव एका बाजूची नसून दोन्ही बाजूंची आहे.

भारतात २०१६ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांमध्ये स्वमग्न व्यक्तींचाही समावेश केला आहे आणि अशा मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत शिकण्याची वाट मोकळी केली आहे. पण कायदा वर्गाचे दार उघडतो. बाकावर जागा करून देणे मात्र सोबत्यांच्याच हाती असते. डबा लपविणाऱ्या मित्राने जवळ जाऊन इतकेच म्हटले असते, ‘अरे, मी गंमत केली, हा घे तुझा डबा,’ तर अवघड लिपीतील तो मजकूर सोप्या अक्षरांत उतरला असता. कान झाकून घेणारे ते दोन हातही काही सांगत होते. ते कोणी वाचले असते, तर त्या मुलावर रडण्याची पाळीच आली नसती.

अभ्यास

१. डबा लपविला गेलेला मुलगा चिडका नव्हता, असे पाठात का म्हटले आहे?
२. वाहनांना माणसांचे चेहरे देण्यामागील हेतू सांगा.
३. ‘पडद्यावरील चेहरा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतो, खरा चेहरा थांबत नाही.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. वर्गातील एखादा सोबती आपल्या बोलण्याचा अर्थ समजू शकला नाही, तर तुम्ही काय कराल? दहा ओळी लिहा.