साध्यशुद्धी आणि साधनदोष

साध्य न्याय्य असले म्हणजे साधनातील हिंसेचा दोष नाहीसा होतो काय, हा प्रश्न राजकीय मुक्तिलढ्यांत वारंवार उपस्थित होतो. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषविरोधी लढा हे त्याचे विचारणीय उदाहरण होय.

गांधीजींच्या सत्याग्रहाचा आरंभ ज्या भूमीत झाला, तेथेच १९१२ साली स्थापन झालेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने सुमारे पन्नास वर्षे निःशस्त्र मार्ग अनुसरला. १९५२ च्या कायदेभंगात आठ हजारांहून अधिक लोकांनी अटक पत्करली. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. त्यात ६९ माणसे मेल्याची नोंद झाली. पाठोपाठ काँग्रेसवर बंदी आली. १० डिसेंबर १९६१ रोजी तिचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांनी शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारले. अवघ्या सहा दिवसांनी, १६ डिसेंबरला, तिची सशस्त्र शाखा स्फोटांनिशी प्रकट झाली.

शंका : शांततेची सर्व द्वारे बंद झाल्यावर दुसरा उपाय कोणता? १९६४ साली न्यायालयात नेल्सन मंडेला यांनी हेच प्रतिपादन केले. मनुष्यहानी टळावी म्हणून आपण केवळ घातपाताचा मार्ग निवडला, असेही त्यांनी सांगितले.

समाधान : या शंकेत तथ्य आहे. जुलूम करणारा आणि जुलूम सोसणारा यांस एकाच तराजूत तोलणे हाही अन्यायच. परंतु शस्त्राची मर्यादा प्रारंभी आखली, तरी ती टिकतेच असे नाही. २० मे १९८३ रोजी प्रिटोरियात वायुदलाच्या कार्यालयाबाहेर झालेल्या बॉम्बस्फोटात १९ जण मेले. त्यांत वाटेने जाणारे सामान्य नागरिकही होते. शिवाय राजवटीस वाटाघाटीस आणण्यात संप, बहिष्कार आणि जागतिक निर्बंध यांचा वाटा मोठा होता. ऑगस्ट १९९० मध्ये काँग्रेसने सशस्त्र लढा स्थगित केला आणि १९९४ साली मतदानाने सत्तांतर घडले.

पुढे सत्यशोधन व समेट आयोगाच्या १९९८ च्या अहवालाने वर्णद्वेष हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरविला. त्याविरुद्धचा लढाही न्याय्य मानला. तथापि निरपराध्यांचे प्राण घेणाऱ्या कृत्यांचा ठपका काँग्रेसवरही ठेवला. प्रकाशन रोखण्यासाठी ती न्यायालयात गेली, पण तिची मागणी फेटाळली गेली.

तात्पर्य, हेतूचा निर्णय वेगळा आणि कृतीचा निर्णय वेगळा. न्याय्य हेतूने कर्त्याचा दोष कदाचित उणा होईल, पण ज्याचा प्राण गेला त्याची हानी त्याने उणी होत नाही. म्हणून जय मिळाल्यावरही आपल्या हातून झालेल्या हिंसेचा हिशेब देणे, हे न्याय्य पक्षाचे अधिकच कर्तव्य ठरते.